कवळीसाठी केलं, टाकीला लागलं

मोटारसायकलची टाकी वरून कितीही चकचकीत असो, ती सडते आतून आणि तळाकडून. पाणी पेट्रोलपेक्षा जड. झाकणातून झिरपलेलं किंवा दमट हवेतून जमलेलं पाणी कॉकच्या आसपास साचतं आणि तिथलाच पत्रा खातं. मग सुईच्या टोकाएवढ्या भोकातून इंजिनावर थेंब पडू लागतात.

त्यावर साबणाची वडी घासायची, हा वाटेतला उपाय जुन्या राजदूत-येझदीवाल्यांना पाठ असतो. मेण पेट्रोलमध्ये विरघळतं, साबण विरघळत नाही, एवढीच त्यातली युक्ती. घर गाठेपर्यंत पुरते.

पक्की दुरुस्ती म्हणजे झाळकाम. पूर्वी बऱ्याच टाक्या शिसं-कथलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या असत, त्यावर डाक छान धरे. शिसं-कथलाचं नेहमीचं मिश्रण 183 अंशांना वितळतं, म्हणजे फार उष्णताही लागत नाही. भीती होती ती वाफेची. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते, आणि हे प्रमाण नेमकं ‘रिकाम्या’ टाकीत सहज जमतं. म्हणून जाणता कारागीर टाकी गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने पुन्हा पुन्हा धुवी, भोकापुरती जागा सोडून ती पाण्याने भरी आणि झाळायची कांडी लांब तापवून आणी. हे काम घरच्या अंगणात करण्यासारखं नव्हतंच.

आगीवाचून भोक बुजवण्याची सोय आली ती अगदी भलत्या घरातून. 1930च्या दशकात झ्यूरिकच्या दे ट्रे या दंतसाहित्याच्या कंपनीत पिएर कास्तां नावाचा रसायनतज्ज्ञ कवळीसाठी नवं द्रव्य शोधत होता. कवळ्या तेव्हा कडक रबराच्या असत. त्याला असं द्रव्य हवं होतं, जे साच्यात ओतावं आणि न आक्रसता घट्ट व्हावं. त्यातून निघालेल्या इपॉक्सी रेझिनवरचं त्याचं पेटंट 1938चं. जर्मनीत पाउल श्लाक याच रसायनाच्या जवळ आधीच पोहोचला होता, आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंगाच्या कारखान्यातून तिकडे निघाला होता. एकाच शोधाला तीन बाप, हे रसायनशास्त्रात नवल नाही. कवळीचा धंदा काही जमला नाही. हक्क बासेलच्या सिबा कंपनीकडे गेले आणि 1946च्या स्विस औद्योगिक मेळ्यात याच रेझिनचं ‘अराल्डाइट’ लोकांसमोर आलं.

न आक्रसण्याचा तोच गुण टाकीच्या कामाला आला. वाळताना आकसणारा लेप पत्र्यापासून सुटतो आणि कडेने पुन्हा गळतो. रेझिनमध्ये बारीक खनिज भुकटी घालून त्याची पुटी झाली. आपल्याकडे तिचं घरगुती नाव एम-सील. हा मूळचा महिंद्र समूहाचा माल, 2000 साली पिडिलाइटकडे आला. दोन रंगांच्या दोन कांड्या कणकेसारख्या मळायच्या, एकच रंग होईपर्यंत. कंटाळून मध्येच थांबणाऱ्याची पुटी मऊच राहते, कारण रेझिनच्या साखळ्या दुसऱ्या कांडीतल्या रसायनानेच एकमेकींत गुंततात.

खरी मेहनत मात्र मळण्याआधीची. पुटी रंगावर, गंजावर किंवा ओलाव्यावर धरत नाही. पेट्रोल काढून टाकी धुवायची, उघड्यावर सुकवायची, मग हाताने, म्हणजे पॉलिश पेपरनेच, पत्रा चमकेपर्यंत घासायचा. ग्राइंडर नको; ठिणगी ती ठिणगीच. थेंब चालू असताना वरून थापलेला गोळा हा दुरुस्तीचा देखावा असतो. आणि आतून पापुद्रे सुटत असतील तर बाहेरच्या एका ठिगळाने काही होत नाही, महिन्याभरात शेजारी दुसरं भोक पडतं.

आता पेट्रोलच बदललंय. 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल देशभर मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. जुन्या टाक्यांना आतून लावलेले काही लेप इथेनॉलने मऊ पडून सोलवटतात आणि त्यांच्या चिंध्या कॉकच्या जाळीत अडकतात. त्यामुळे आतल्या लेपाचा डबा घेताना तो इथेनॉलला टिकतो असं त्यावर छापलंय का, ते आधी बघावं.