अकीक मण्यांचा वेध : खंभातची कारागिरी आणि इतिहासलेखन

प्रस्तावना

मणी हा मानवाच्या अतिप्राचीन अलंकारांपैकी एक होय. काळानुसार धागा बदलला, तरी मण्याचे प्रयोजन फारसे बदललेले नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीसाठी वापरली गेलेली पॅराकॉर्ड ही दोरी आता हौशी हस्तकलेत रूढ झाली असून, चाकूला वा किल्ल्यांना लावण्याच्या गोफात शोभेचा मणी ओवला जातो. ही दोरी सुमारे ४ मिलिमीटर जाड असते. त्यामुळे सुंदर दगडी मणी हाती येऊनही पुष्कळदा त्यातून दोरी जात नाही. ही साधी अडचण एका मूलभूत बाबीकडे लक्ष वेधते. दगडाला मणीपण येते ते त्याच्या छिद्रामुळे, आणि कठीण दगडाच्या मण्यात मोठे श्रम खर्ची पडतात तेही छिद्रासाठीच. गुजरातमधील खंभातच्या अकीक मण्यांच्या आधारे या श्रमाचा आणि त्याच्या मोलाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कच्चा माल व त्याची सिद्धता

अकीक हा सिलिकायुक्त खनिजाचा प्रकार असून तो दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार होतो. पाषाण झिजल्यावर सुटलेले गोटे नद्यांच्या प्रवाहातून वाहत येतात. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, भरूच जिल्ह्यातील रतनपूर परिसरात असे गोटे खड्डे खणून काढले जातात. याच परिसरातील टेकडीवर सिद्दी समाजाचे श्रद्धास्थान असलेला बावा घोर यांचा दर्गा आहे. अकीकाच्या व्यवसायाची परंपरा याच संताशी जोडली जाते.

खाणीतून निघालेला गोटा बहुधा पिवळसर किंवा तपकिरी असतो. तो उन्हात वाळवून, नंतर मातीच्या भांड्यात घालून शेणाच्या मंद आचेवर भाजला जातो. उष्णतेने त्यातील लोहसंयुगातील पाणी निघून जाते आणि दगडास तांबडा रंग चढतो. हाच कार्नेलियन. पुढे टोकदार लोखंडी सळईवर दगड टेकवून शिंगाच्या हातोड्याने त्याचे टवके काढले जातात. त्यानंतर घासणे, छिद्र पाडणे आणि झिलई देणे असा क्रम असतो.

छिद्राची साक्ष

सिंधमधील चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये केलेल्या उत्खननात अर्धवट घडविलेले मणी आणि दगडी वेधण्या सापडल्या. एस. आर. राव यांनी लोथल येथेही मण्यांचा कारखाना उजेडात आणला. मेसोपोटेमियातील ऊर येथील राजदफनभूमीत मिळालेले लांब कार्नेलियन मणी सिंधू संस्कृतीशी असलेल्या व्यापाराचा पुरावा मानले जातात. परंतु मणी कोठून कोठे गेला याची जेवढी चर्चा झाली, तेवढी तो कसा वेधला गेला याची दीर्घकाळ झाली नाही.

जोनाथन मार्क केनोयर, मासिमो विदाले आणि कुलदीप भान यांनी खंभातच्या कारागिरांचे काम प्रत्यक्ष पाहून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. त्यांचा याविषयीचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. खंभातचा कारागीर हिऱ्याचे दोन कण बसविलेला सामता कमानीने फिरवितो, तर हडप्पाकालीन कारागिराजवळ एका विशिष्ट कठीण दगडाची वेधणी होती. मॅके यांच्या नावावरून या दगडास ‘अर्नेस्टाइट’ म्हटले जाते. प्रयोगांती या वेधणीचा वेग ताशी सुमारे २.५ मिलिमीटर आढळला. या हिशेबाने १० सेंटिमीटर लांबीच्या एकाच मण्यास केवळ छिद्रासाठी सुमारे ४० तास लागतात. कराचीजवळील अल्लाहदिनो येथे सापडलेल्या कमरपट्ट्यात असे ३६ लांब मणी आहेत. त्या पट्ट्याचे मोल दगडाच्या दुर्मीळपणापेक्षा या तासांत अधिक आहे, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्राचा संबंध

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांतून भरूच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. सातवाहन काळातील दख्खनचे पठार हे या व्यवसायाला माल पुरविणारे क्षेत्र होते, हे यावरून स्पष्ट होते. मण्यांच्या अभ्यासातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कार्नेलियनवर क्षाराने नक्षी रेखून ती भाजून पक्की केलेल्या पांढऱ्या रेषांच्या मण्यांवर मो. गं. दीक्षित यांचा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला.

धुळीचा प्रश्न

ज्या खंभातच्या हातांवरून प्राचीन कारागीर समजून घेतला गेला, त्या हातांना या व्यवसायाची जबर किंमत द्यावी लागली. अकीक हा जवळजवळ शुद्ध सिलिका असल्याने घासताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. विजेवर फिरणाऱ्या घर्षणचक्रांमुळे कामाचा वेग वाढला, तशी धूळही वाढली. काम बहुधा घरात किंवा वस्तीतच चालत असल्याने ती कुटुंबीयांच्या व शेजाऱ्यांच्या श्वासातही जाते. १९९० च्या दशकातील वैद्यकीय पाहण्यांतून अकीक कामगारांमधील हा आजार नोंदविला गेला. व्यापाराच्या इतिहासात मात्र या नोंदींना क्वचितच स्थान मिळते.

निष्कर्ष

१) मण्याचे ऐतिहासिक मूल्य ठरविताना आकार, रंग व प्रसार यांबरोबरच छिद्र हाही स्वतंत्र पुरावा मानला पाहिजे, कारण साधन, कौशल्य व वेळ या तिन्हींची खूण त्यात राहते.

२) खंभातची परंपरा हडप्पाकालीन कारागिरी समजण्यास उपयुक्त असली, तरी ती तिची प्रतिकृती नव्हे. हिऱ्याचा सामता आणि विजेचे चक्र यांमुळे श्रमाचे व धोक्याचे स्वरूप बदलले आहे.

३) जिवंत कारागिरास पुरावा म्हणून स्वीकारणाऱ्या इतिहासाने त्याच्या आजाराचीही नोंद घेतली पाहिजे. वस्तूचा इतिहास लिहायचा आणि ती घडविणाऱ्याचा श्वास वगळायचा, हे इतिहासलेखन अपुरेच ठरते.