मजकूर एक, पेहराव अनेक

नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या शतकांतल्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या की लेखनिकाच्या कामाचा पसारा लक्षात येतो. सुटी आडवी पानं, दोन्ही बाजूंना सोडलेला समास, शब्दांमध्ये जागा न सोडता सलग चाललेली ओळ, ओवी संपल्याची खूण म्हणून दंड, अध्यायाच्या शेवटी हिंगुळाची लाल शाई. चूक झाली की तिच्यावर पिवळा हरताळ फासायचा आणि वर नव्याने लिहायचं. काय लिहायचं आणि ते कसं दिसायचं, ही दोन्ही कामं एकाच हातून एकाच वेळी होत. समास वाढवावासा वाटला, तर पान पुन्हा लिहिण्यावाचून इलाज नसे.

आज वेबपान तयार करायला शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो याच्या नेमका उलट. मजकूर एचटीएमएलच्या फाइलमध्ये ठेवायचा आणि रंग, अक्षराचा आकार, समास, रकाने हे सगळं सीएसएसच्या, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्सच्या, वेगळ्या फाइलमध्ये. ही फारकत व्हायला मराठीत पाच-सात शतकं लागली आणि तिच्या वाटेवर नगर जिल्हा एकाहून अधिक वेळा येतो.

छापखान्याने पहिली फट पाडली. विल्यम कॅरेचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुरात छापलं गेलं. नगर जिल्ह्यातल्या नव्हे, बंगालमधल्या. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी पुस्तिका छापायला सुरुवात केली. १८३२ च्या ६ जानेवारीला निघालेल्या ‘दर्पण’च्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी दोन रकान्यांत असे. वाचक दोन प्रकारचे, म्हणून रकाने दोन. पानाची मांडणी वाचकाला धरून ठरवण्याचं हे मराठीतलं जुनं आणि ठळक उदाहरण.

अमेरिकन मिशनचं ठाणं नगरात १८३१ च्या डिसेंबरात पडलं आणि जून १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. काही वर्षांतच पत्राचा मुक्काम मुंबईला हलला. याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरीचे खिळे सुबक झाले आणि तिथेच लहान वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. दरम्यान १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली, ती मात्र शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्ये हाताने लिहिलेलं पान जसंच्या तसं दगडावर उतरतं, म्हणजे छपाई आली तरी मजकूर आणि रूप यांची गाठ कायमच राहिली.

खिळ्यांच्या छपाईत ती सैल झाली. लेखक कागदावर नुसता मजकूर लिहून देई. संपादक समासात सूचना करी: मथळा सोळा पॉइंट ठळक, मध्यभागी, उतारा दोन्हीकडून आत. कंपोझिटर त्या सूचना पाहून खिळे जुळवी. मजकूर एकाचा, पेहराव दुसऱ्याचा. समासातल्या या खुणांनाच पुढे संगणकाच्या जगात मार्कअप म्हणू लागले, आणि एचटीएमएलमधला ‘एम’ हा या मार्कअपचाच.

टिम बर्नर्स-ली यांचं वेब १९९१ मध्ये जगापुढे आलं तेव्हा पान कसं दिसावं हे बहुतांशी ब्राउझरच ठरवत असे. लेखकांना ते पुरेना. मग नेटस्केपने फॉन्टचा टॅग, म्हणजे अक्षराचं रूप सांगणारी खूण, आणला आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ ने त्याला मान्यता दिली. आता प्रत्येक परिच्छेदाला, प्रत्येक मथळ्याला रंग आणि आकार चिकटवायचा. रकाने हवे असतील तर तक्त्याच्या अदृश्य चौकटी आखायच्या. शंभर पानांच्या संकेतस्थळावर मथळ्याचा रंग बदलायचा तर शंभर पानं उघडायची. पोथीच्या लेखनिकाचीच अडचण संगणकावर परत आली.

हाकॉन विउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने सर्न या संशोधन संस्थेत काम करताना १० ऑक्टोबर १९९४ ला तोडगा मांडला होता, तोच सीएसएसचा पहिला मसुदा. नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली.

तिचं व्याकरण एका ओळीत मावतं. आधी सिलेक्टर, म्हणजे नियम कोणाला लागू. समजा, सगळे दुय्यम मथळे. मग महिरपी कंसात प्रॉपर्टी, म्हणजे काय बदलायचं, समजा, रंग. पुढे अपूर्णविराम, मग व्हॅल्यू, समजा मरून, आणि शेवटी अर्धविराम. एवढी ओळ एका फाइलमध्ये लिहिली की त्या फाइलशी जोडलेल्या सगळ्या पानांवरचे दुय्यम मथळे एकदम मरून होतात.

खरी गंमत नावातल्या ‘कॅस्केडिंग’मध्ये आहे. एकाच मथळ्यावर दोन नियम वेगवेगळं सांगू लागले तर कोणाचं ऐकायचं? सर्वसाधारण टॅगच्या नियमापेक्षा क्लासचा, म्हणजे काही निवडक घटकांना दिलेल्या नावाचा, नियम वरचढ, क्लासपेक्षा आयडीचा, म्हणजे एकाच घटकाच्या नावाचा; आणि जोर सारखा असेल तर जो नंतर लिहिलेला तो जिंकतो. हाकॉन लींच्या मसुद्यात या वाटाघाटीत वाचकालाही जागा होती. अक्षर मोठं हवं की पार्श्वभूमी गडद हवी, हे वाचकानेही सांगावं आणि ब्राउझरने दोघांचा मेळ घालावा, ही मूळ कल्पना.

मराठीची गोष्ट याच काळात वेगळ्याच वळणाने चालली होती. तालुक्याच्या गावांतल्या डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांवर लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळत. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरं आणि चिन्हांचाच असे. फॉन्ट फक्त वरून देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट बदलला की मजकूरच नासला. मराठी दैनिकांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असायची, ती याचमुळे. अशा पानावर सीएसएस काय करणार? पेहराव उतरवताच आत माणूसच नाही, अशी गत.

युनिकोडने हा पेच सोडवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे क्रमांक मिळाले होते. विंडोजच्या संगणकांवर ही देवनागरी दिसू लागली विंडोज २००० पासून, मंगल या फॉन्टमुळे. मंगलचे रचनाकार र. कृ. जोशी. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तो युनिकोडवरच. वेबपानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची सोय ब्राउझरांत रुळल्यावर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’सारखा खुला फॉन्ट कोणत्याही पानाला लावता येऊ लागला, आणि मजकुराला धक्काही लागेना.

तरी इंग्रजी पानासाठी लिहिलेला सीएसएस मराठीला जसाच्या तसा बसत नाही. ओळींमधलं अंतर, म्हणजे लाइन-हाइट, अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठेवलं तर वरच्या ओळीतल्या ‘मृत्यू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफाराला टेकतो, १.६ ते १.८ ठेवलं की ओळी मोकळ्या होतात. इंग्रजी मथळ्यात अक्षरं विरळ करणारी लेटर-स्पेसिंग ही प्रॉपर्टी देवनागरीत शिरोरेषा तोडते. क्रमवार यादीला ‘देवनागरी’ ही व्हॅल्यू दिली की आकडे १, २, ३ असे येतात. आणि पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं, तर ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे उमटतात. या दोन अक्षरांचं मराठी वळण राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात नक्की केलेलं आहे.

मजकूर आणि रूप यांच्यातली सीमारेषा कुठे आहे, याचा दाखला जिल्ह्याला २०२४ मध्ये मिळाला. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. संकेतस्थळाचा रंग बदलायचा असता तर सीएसएसमधली एक ओळ पुरली असती. नाव हा मजकूर आहे. ते मात्र जिथे जिथे लिहिलंय तिथे तिथे मजकुरातच बदलावं लागतं.

राज्यात एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम २००१ मध्ये आला आणि तालुक्यातालुक्यात संगणकाची ओळख झाली. आता बारावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात वेब डिझायनिंगमध्ये सीएसएस आहे. जिल्ह्यातल्या ज्या शिक्षकांना हा धडा शिकवायचा आहे, त्यांनी सरावासाठी इंग्रजी नमुना मजकूर न देता मुलांकडून आपल्या गावावरचं मराठी पान लिहून घ्यावं. आधी नुसता एचटीएमएल, कोणताही रंग नाही. तो नीट वाचता आला की मगच सीएसएसची फाइल जोडायची, आणि तीत पहिली ओळ लिहायची ती लाइन-हाइटची.