पत्त्याला शिक्षा

आमच्या घुग्घुसला वेकोलिच्या वसाहतीत राहिलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. क्वार्टरचा नंबर तोच राहतो, आतली माणसे बदलतात. कुणी निवृत्त होतो, कुणाची माजरीला नाहीतर उमरेडला बदली होते, आणि त्याच दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागते. मग वर्षभर जुन्या माणसाची पत्रे नव्याच्या घरात पडत राहतात. कधी एखादा दुकानदार जुनी उधारी मागायला येतो आणि नवा कामगार दारात उभा राहून सांगतो, "भाऊ, ते गेले ना उमरेडला. मी तं आत्ता आलो." दुकानदार भला असला तर परत जातो. नसला तर म्हणतो, क्वार्टर नंबर तर हाच आहे.

इंटरनेटवरचा पत्ता याच जातीचा असतो. संगणक किंवा मोबाइल इंटरनेटला जोडला की त्याला आकड्यांचा एक पत्ता मिळतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा हा पत्ता तिकडच्या यंत्राला कळतो. कळावाच लागतो, नाहीतर ते उत्तर पाठवणार कुठे? त्या पत्त्यावरून कुणी धुडगूस घातला, शंभरदा चुकीचा पासवर्ड टाकला, कचरा ओतला, तर संकेतस्थळ चालवणारा एकच करू शकतो. तो त्या पत्त्यासाठी दार बंद करतो. इथपर्यंत सगळे रास्त आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की दाराबाहेर उभा राहिलेला माणूस तोच का?

मित्रहो, या बंदीचा इतिहास फार जुना नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी पत्त्याचा आराखडा ठरला, तेव्हा त्यात ३२ बिटांची जागा ठेवली गेली. त्यातून साधारण ४२९ कोटी पत्ते निघतात. त्या वेळी ते कधी संपतील असे कुणाला वाटले नसावे. विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांचाच तो कारभार होता, माणसे एकमेकांना ओळखत होती. बंदी कुणावर घालणार?

एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने आपल्या धंद्याची जाहिरात एका दमात हजारो चर्चागटांत टाकली. लोक खवळले. जोडप्याला इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने त्यांचे खाते बंद केले. इकडे लक्ष द्या: बंद झाले ते खाते, म्हणजे त्या माणसांचे. पण पुढे जाहिरातबाजांची संख्या वाढली, ते रोज नवे खाते उघडू लागले, आणि खात्यामागे धावून उपयोग होईना. १९९७ मध्ये पॉल विक्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. नको असलेली टपाल जिथून येते त्या पत्त्यांचीच यादी केली. ज्याला पाहिजे त्याने ती यादी घ्यावी आणि त्या पत्त्यांवरून आलेली ईमेल आत घेऊ नये. युक्ती कमालीची यशस्वी ठरली. इथेच माणसावरून नजर पत्त्यावर सरकली.

ही नजर किती लांब जाऊ शकते ते २००७ च्या पहिल्याच दिवशी जगाला कळले. विकिपीडियावर कुणीतरी एका पत्त्यावरून वारंवार खोडसाळपणा करत होते. तिथल्या व्यवस्थापकाने नेहमीप्रमाणे तो पत्ता बंद केला. नंतर ध्यानात आले, की कतार या देशातली बहुतेक सगळी वर्दळ त्याच एका पत्त्यामागून बाहेर पडत होती! दोहात नोकरीला असलेला मराठी माणूस असो की तिथला शाळकरी मुलगा, खाते नसेल तर त्याला लेखात काना-मात्राही दुरुस्त करता येईना. चूक लक्षात आल्यावर काही तासांतच बंदी उठली. पण बंदी घालणाऱ्याने नियमाबाहेर काही केलेले नव्हते, हे विसरता येत नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याला ही रीत वेगळ्या रूपात ठाऊक आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले आणि त्यानंतर इंग्रज सरकारने गावावर सामुदायिक दंड बसवला. सामुदायिक दंडाचा अर्थच असा, की तुम्ही त्या दिवशी काय केले याची चौकशी नाही. तुमचे घर त्या गावात आहे, एवढे पुरे. तुलना ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. चिमूरने जे सोसले त्याच्यापुढे पडद्यावरचे बंद दार म्हणजे काहीच नाही, हे मलाही मान्य. मी फक्त हिशेबाची पद्धत दाखवतो आहे.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. सुरुवातीला टेलिफोनवरून जोडणी व्हायची. दर वेळी फोन लावला की नवा पत्ता. काल ज्याच्याकडे जो पत्ता होता तो आज तुमच्याकडे, अगदी क्वार्टरसारखे. पुढे ब्रॉडबँड आले आणि गावोगाव कॅफे निघाले. कॅफेत उलटा प्रकार: एकच पत्ता, त्यामागे सहा-सात संगणक, आणि दिवसभरात साठ-सत्तर माणसे.

मीही घुग्घुसला असा कॅफे काही वर्षे चालवला. २००८ मधला एक दिवस आठवतो. नोकरभरतीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. एक मुलगी वडिलांसोबत आली. वडील रात्रपाळी करून थेट खाणीतून आलेले, बुटांना कोळशाची काळी धूळ तशीच. अर्जाचे पान उघडेना. इतर सगळी संकेतस्थळे चालू, एवढेच बंद. "काका, आमचाच फॉर्म काहून घेत नाही हो?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. सकाळी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस कोपऱ्यातल्या संगणकावरून त्या संकेतस्थळाला ठोकर देत बसला होता, हे पुढे कळले. वडिलांनी एक शब्दही न बोलता मोटारसायकल काढली आणि मुलीला घेऊन चंद्रपूर गाठले. अर्ज भरला गेला. पण ज्याच्याकडे मोटारसायकल नव्हती असेही त्या दिवशी दोघे होते.

रेल्वेच्या तिकिटांची गोष्ट तर बहुतेकांना माहीत असेल. घुग्घुसच्या खाणी, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने यांत उत्तरेकडून आणि तेलंगणाकडून आलेले पुष्कळ लोक काम करतात. त्यांना गावी जायला तत्काळचे तिकीट लागते. जुलै २०१२ मध्ये तत्काळची वेळ सकाळी ८ ऐवजी १० झाली, आणि त्या काळातल्या नियमांत एक कलम असे होते, की १० ते १२ या वेळेत एका आयपी पत्त्यावरून तत्काळची दोनच तिकिटे काढता येतील. हेतू चांगला होता. दलाल यंत्रे लावून सगळी तिकिटे गिळत होते, त्यांना आवर घालायचा होता. पण विचार करा, ज्याच्या घरी स्वतःची जोडणी त्याला दोन तिकिटे, आणि कॅफेसमोर रांगेत उभ्या असलेल्या वीस जणांनाही मिळून दोनच. ज्याच्याकडे कमी, त्याचाच पत्ता सामाईक असतो. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे.

आता हेच उलट दिशेने पाहू. संकेतस्थळांनाही पत्ता असतो आणि सरकारला एखादे पान नको असेल तर सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून तो पत्ता बंद करवता येतो. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका फुटीरतावादी संघटनेचा याहूवरचा गट बंद करण्याचा आदेश निघाला. कंपन्यांना तो एकच गट वेगळा काढता येईना. त्यांनी याहूचे सगळेच गट बंद केले आणि त्यात देशभरचे पाककृतींचे, माजी विद्यार्थ्यांचे, कवितांचे गटही गेले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. दोनच दिवसांनी काही मोजक्या पानांवर बंदीचा आदेश आला आणि कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट संपूर्ण बंद केले. ११ जुलैच्या त्या रात्री मुंबईकर एकमेकांना आप्तांची खबर देण्यासाठी, रुग्णालयांचे फोन नंबर कळवण्यासाठी जो ब्लॉग वापरत होते, तो ब्लॉगस्पॉटवरच होता. २६ जुलै २००५ च्या महापुरात तो सुरू झाला होता. डिसेंबर २०१४ मध्ये तर मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या सूचनेवरून ३२ संकेतस्थळे बंद झाली. त्यात संगणक प्रणाली लिहिणाऱ्यांचे गिटहब होते, व्हिडिओंचे व्हिमिओ होते. ओरड झाल्यावर त्यांतली काही पुन्हा उघडली.

दार बंद होणे परवडले, असे म्हणायची वेळ आणणारे प्रकरण २००७ मध्ये पुण्यात घडले. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांविषयी कुणीतरी आक्षेपार्ह मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी पत्ता मिळवला, सेवा देणाऱ्या कंपनीला विचारले, हा पत्ता त्या वेळी कुणाकडे होता? कंपनीने नाव दिले ते बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याचे. ऑगस्टच्या अखेरीस पोलिसांनी त्याला घरातून उचलले. कंपनीची नोंद चुकली होती. त्या वेळी तो पत्ता दुसऱ्याच कुणाकडे होता. हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्या तरुणाचे सुमारे ५० दिवस कोठडीत गेले, येरवड्याच्या तुरुंगासह. फिरता पत्ता कुणाचा हे सांगायला नुसता आकडा पुरत नाही, नेमकी वेळ लागते. तीत घोळ झाला की दुसराच माणूस हजर होतो. कॅफेवाल्यांसाठी एप्रिल २०११ मध्ये नियम आले, ओळखपत्र पाहा आणि कोण कोणत्या संगणकावर किती वेळ बसले याची नोंद वर्षभर सांभाळा. त्या वह्यांचा कंटाळा सगळ्यांनाच होता. पुण्याचे प्रकरण ज्याने वाचले होते तो वेळेचा रकाना जरा नीट भरत असे.

मग आपल्यावर अशी बंदी आली तर करायचे काय? आधी खात्री करावी. तेच पान मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडते का पाहावे. उघडले तर अडचण आपल्या पत्त्याची आहे. पान पुन्हा पुन्हा ताजे करत बसू नये, त्याने संशय वाढतो. बऱ्याच बंद्या काही मिनिटांच्या किंवा एका दिवसाच्या असतात. संगणकात व्हायरस आहे का ते पाहावे. राउटर बंद करून चालू केला तर बहुधा नवा पत्ता मिळतो, पण दोष संगणकात असेल तर नवा पत्ताही संध्याकाळपर्यंत बाद होतो. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे संकेतस्थळाला सरळ लिहिणे: आमचा पत्ता हा, वेळ ही, आमच्यामागे इतकी माणसे आहेत. पत्ता लपवणाऱ्या व्हीपीएन सेवांचा सल्ला हल्ली कुणीही देतो. खासगीपणासाठी त्यांचा उपयोग आहेच. मात्र त्यांचे पत्तेही हजारो लोक मिळून वापरतात, म्हणून अनेक ठिकाणी ते आधीच बंद असतात. आगीतून फुफाट्यात.

शिक्षकांसाठी एक खास सूचना. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि त्यावर लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळा आता महाविद्यालयांतून होतात. तिथे एका पत्त्यावरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. तीस मुले बसवली तर सातव्याला नकार येतो आणि सगळ्यांचा विरस होतो. मुलांना आदल्या दिवशी आपापल्या घरून खाती उघडायला सांगावे, किंवा व्यवस्थापकांना आधी कळवून त्या दिवसापुरती सूट मागावी. मागितली तर मिळते.

जुने ४२९ कोटी पत्ते अपुरे पडणारच होते. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. तेव्हापासून मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवू लागल्या, म्हणजे कॅफे आता खिशात आला. यावर उतारा म्हणून १२८ बिटांचे नवे पत्ते आले आहेत आणि ते वापरण्यात भारत आज जगात पुढे आहे. त्यांची संख्या इतकी, की प्रत्येक हातातल्या मोबाइलला स्वतःचा पत्ता सहज मिळावा. पण एका जोडणीला एक पत्ता न देता पत्त्यांचा अख्खा गठ्ठा दिला जातो, आणि त्रास देणारा त्यातले पत्ते मिनिटामिनिटाला बदलू शकतो. म्हणून संकेतस्थळेही आता एकेका पत्त्यावर बंदी घालत बसत नाहीत. ती सगळा गठ्ठाच बंद करतात, म्हणजे साधारण एक घर, त्यातल्या आजीच्या मोबाइलसकट.