परसातला गुलाब

वरूडचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संत्री उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, चुडामण नदीच्या काठी वसलेल्या ह्या गावाचे बरेवाईट वर्ष संत्र्याच्या बहारावर ठरते. परंतु बाजारात जाते तेवढेच झाड इतिहासाने पाहावे, असा काही नियम नाही. वऱ्हाडातील जुन्या घरांच्या परसात, विहिरीपाशी किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर, गुलाबाचे एक झुडूप असे; कोठे कोठे ते अजूनही आहे. फूल फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेले, देठाने दुबळे. फुलदाणीत ठेवावे तर दुसऱ्या दिवशी पाकळ्या खाली पडतात. सुगंध मात्र असा की सकाळी मागील दार उघडणारास झुडूप पाहण्याची गरजच राहत नाही. लोक त्यास 'गावठी गुलाब' म्हणतात. ह्या एका शब्दात आपण त्याच्यावर दोन निकाल देऊन मोकळे होतो: एक, हे झाड येथलेच, आणि दुसरा, त्याला कुळशील नाही. आमच्या मते हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत.

प्रथम शब्दच पाहू. 'गुल' म्हणजे फूल, आणि फारशी कवींच्या लेखी फूल म्हणजे गुलाबच. 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा गुलाब हे मुळात फुलाचे नाव नसून फुलाच्या अर्काचे नाव होय. आपण अर्काचे नाव फुलास दिले, आणि मग अर्कास नाव उरले नाही म्हणून 'गुलाबपाणी' असे म्हणू लागलो. पाणी दोनदा आले तरी कोणास खटकत नाही! फारशी भाषेने आपल्या परसात किती खोल मुळे धरली आहेत हे पाहावयाचे असेल तर गुलबास, गुलछडी, गुलमेंदी ही नावे मनाशी उच्चारून पाहावी. वऱ्हाडची शेतकरीण ही नावे घेताना आपण परभाषा बोलतो असे तिच्या स्वप्नीही येत नाही.

मग मुसलमानी अमलापूर्वी दक्षिणेत गुलाब नव्हताच काय? तसेही म्हणता येत नाही. भावमिश्राच्या सोळाव्या शतकातील निघंटूत शतपत्री, तरुणी अशी नावे आली आहेत, आणि वैद्य त्यांचा अर्थ गुलाब असाच करतात. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त शेवतीचे वर्णन आहे: तांबड्या गुलाबासारखी परंतु लहान, मध्ये सोनेरी केसर, पाकळ्या मोजक्या, आणि तिचे ठिकाण म्हणून त्याने गुजरात व दक्षिण ही नावे दिली आहेत. वऱ्हाड 1596 साली अकबराच्या राज्यात आले, त्यामुळे ह्या सुभ्याचे वर्णनही त्या ग्रंथात आहे. त्यात एलिचपुराविषयी, म्हणजे आजच्या अचलपुराविषयी, लिहिताना ग्रंथकर्ता जमिनीलगत उगवणाऱ्या भूपालचंपक नावाच्या एका सुवासिक फुलाची नोंद करतो. वसूल, किल्ले आणि घोडेस्वार ह्यांचा हिशेब मांडता मांडता त्या बहाद्दराने एका फुलासाठी जागा काढली, ह्याबद्दल वऱ्हाडकरांनी त्याचे आभारच मानले पाहिजेत. आमच्या पुढील काळच्या किती सरकारी अहवालांत असे फूल सापडेल?

ज्या गुलाबाच्या अर्कावर पुढे दरबारी शिष्टाचार उभा राहिला, तो पश्चिमेकडून आलेला दमास्की गुलाब. हाही कोणा एका रानाचा शुद्ध वंशज नव्हे. त्याच्या अंगी तीन निरनिराळ्या जातींचे रक्त आहे, असे जपानी संशोधकांनी 2000 साली दाखविले. ह्या फुलाच्या अत्तराची हकीकत जहांगीराने आपल्या आठवणींत 1614 च्या सुमारास दिली आहे. नूरजहानची आई गुलाबपाणी काढीत असता कढत अर्काच्या भांड्यांवर स्निग्ध साय धरते असे तिच्या ध्यानी आले. ती तिने थोडी थोडी गोळा केली, आणि सलीमा सुलतान बेगमेने तिला 'इत्र-इ-जहांगिरी' असे नाव दिले. शोध लागला तो असा भांड्याशी बसलेल्या एका गृहिणीच्या नजरेने, आणि नाव मिळाले बादशहाचे. एक किलो अत्तरास तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात हे लक्षात घेतले, म्हणजे अत्तरदाणी इतकी चिमुकली का असते ह्याचा उलगडा होतो. मराठ्यांच्या दरबारांनी अत्तर-गुलाब व पानसुपारी हा उपचार सहज उचलला. दरबार गेले, तरी चैत्रातल्या हळदीकुंकवाला गुलाबदाणी अजून पुढे येते. दमास्की गुलाबाचा मुख्य बहारही चैत्राच्याच सुमारास येतो, म्हणून उत्तरेत त्यास 'चैती' म्हणतात. वर्षातून एकदा फुलणे ही त्याची मोठी उणीव.

ती उणीव भरून निघाली ती हिंदी महासागरातील एका बेटावर, आणि हा आमच्या कथेतील सर्वांत मौजेचा भाग आहे. आज ज्यास रेयुनियाँ म्हणतात त्या बेटाचे नाव त्या काळी बूरबाँ असे होते. तेथील शेतकरी आपल्या शेतांना गुलाबाचे कुंपण घालीत. एक ओळ दमास्की गुलाबाची, तर दुसरी चिनी गुलाबाची. चिनी गुलाब सुगंधाने बेताचा. परंतु बारमाही फुलणारा. तो अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी गलबतांतून युरोपात पोचला होता. ही गलबते बहुधा कलकत्त्यावरून जात, म्हणून फ्रेंच लोक त्यास 'बंगाली गुलाब' म्हणू लागले आणि शास्त्रज्ञांनी त्याच्या कपाळी 'इंडिका' असा शिक्का मारला. चीनच्या फुलाला हिंदुस्थानची जात चिकटली ती अशी! ह्या दोन कुंपणांच्या सान्निध्यात 1817 च्या सुमारास एदुआर पेरिशों नावाच्या शेतकऱ्यास दोहोंहून निराळे असे एक रोप आढळले. बेटावरील सरकारी बागेचा अधिकारी ब्रेआँ ह्याने त्याचे बी 1819 साली पॅरिसला धाडले, आणि त्यापासून 'बूरबाँ' गुलाबांचा वंश चालू झाला. आईचा सुगंध आणि बापाचे बारमाहीपण (किंवा उलट म्हणा; गुलाबाच्या घरी हा भेद फारसा मोलाचा नाही) एकाच झुडपात उतरले. आमच्याकडचे माळी ज्यास 'एडवर्ड गुलाब' म्हणतात तो ह्याच वंशातला. एदुआरचे एडवर्ड झाले, आणि पुष्कळांची समजूत मात्र अशी की हे नाव कोणा इंग्रज राजावरून पडले.

त्याच वेळी कलकत्त्यात एक गृहस्थ झाडांची अशीच देवघेव घडवून आणीत होते, आणि त्यांचे नाव मराठी वाचकांस परके नाही. 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली कोश छापणारे विल्यम कॅरे हेच ते. नागपूरकर वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या भाषेची सेवा केली हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु 1820 साली हिंदुस्थानातील कृषि-उद्यान मंडळीची स्थापना त्यांनीच केली, आणि सेरामपूरची त्यांची बाग नामांकित होती, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. अशा मंडळ्या, सरकारी बागा आणि कांड्या वाटणारे माळी ह्यांच्या हातून गुलाबाच्या नव्या जाती देशभर गेल्या. पुढे परसापरसांतून त्यांचा जो प्रवास झाला तो लेकी-सुनांच्या ओटीतून; त्याची नोंद कोणत्या दप्तरात होणार? माहेरची कांडी सासरी लागली, एवढाच तो दस्तऐवज.

तेव्हा आपल्या परसातल्या झुडपाचे कूळ ओळखावयाचे असेल, तर वाचकांनी पंचांग हाती घ्यावे. ते चैत्र-वैशाखात एकदाच फुलत असेल तर दमास्कीच्या घराण्यातले, आणि पावसाळ्यात व थंडीतही फुले देत असेल तर बूरबाँ बेटाशी त्याचा संबंध असावा. गावठी म्हणविणारे हे झाड अशा रीतीने दमास्कस, चीन आणि समुद्रातील एक बेट ह्यांचे नाते सांगते.

आता ज्या विलायती गुलाबापुढे हे झुडूप हिणवले गेले त्याविषयी. 1867 साली फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' हा कलमी गुलाब निघाला, आणि उंच ताठ देठ, टोकदार कळी व निरनिराळे रंग ह्यांची चढाओढ लागली. वऱ्हाडचा कारभार 1853 साली इंग्रजांकडे आल्यावर बंगले झाले, बंगल्यांभोवती वाफे झाले, आणि वाफ्यांत असे गुलाब आले. पुढे आमच्या सुशिक्षित कुटुंबांनीही तोच कित्ता गिरविला. फूल पाहण्याजोगे झाले, परंतु हुंगण्याजोगे राहीलच असा भरवसा उरला नाही. फ्रेंच संशोधकांनी 2015 साली सुगंधी व निर्गंध गुलाबांची तुलना करून दाखविले की, सुगंध घडविणारे एक विकर निर्गंध फुलात जवळपास निजलेले असते. माणसाने देठाची ताठरता व फुलाचे टिकाऊपण निवडले; सुगंधाची निवड कोणी केलीच नाही. गंमत अशी की ज्या इंग्लंडचे अनुकरण आम्ही केले, तेथेच विल्यम रॉबिन्सन ह्यांनी 1883 च्या आपल्या ग्रंथात आणि पुढे गर्ट्रूड जीकल बाईंनी कवायती वाफ्यांविरुद्ध बंड उभारले व खेडुतांच्या झोपड्यांभोवतीच्या मिश्र, दाट, सुवासिक बागेची तरफदारी केली. जीकल बाईंच्या नावाचा गुलाब डेव्हिड ऑस्टिन ह्यांनी 1986 साली काढला: गुलाबी, झुडूपवजा आणि अत्यंत सुगंधी, त्यातही दमास्की रक्त आहेच. हजारो मैल दूर लोक जे फूल परत मिळविण्यासाठी खटपट करीत होते, ते वरूडच्या न्हाणीमागे फुकट फुलत होते.

वरूडकडील शेतकऱ्यास ह्या झुडपाची निगा शिकविण्याची जरुरी नाही. संत्र्याचा बहार धरताना तो पाणी तोडून झाडास ताण देतो, मग खत घालून पाणी सोडतो. गुलाबाचेही तसेच: पाऊस सरला की छाटणी करावी, बुडाची माती हलकेच उकरून मुळांस काही दिवस ऊन द्यावे, शेणखत घालावे, आणि पाणी सुरू करावे, सहा-सात आठवड्यांत फूल येते. काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्यात वाळू किंवा मुरूम मिसळणे मात्र अवश्य. शेंदुरजना घाटच्या पन्हेऱ्यांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. एडवर्ड गुलाबही पुष्कळ ठिकाणी असाच खुंट म्हणून वापरला गेला, आणि त्याच्या अंगावर निर्गंध फुले फुलविली गेली. ज्याने पाणी ओढावे त्याचे नाव कोणी घेऊ नये, हा व्यवहार शेतीत नवा नाही.

खरा प्रश्न पाण्याचाच आहे. वरूड तालुक्यात भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेला आहे. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल गेल्या, आणि 2019 च्या उन्हाळ्यात संत्र्याच्या बागाच्या बागा वाळल्या. जेथे पैसा देणाऱ्या झाडास पाणी नाही तेथे फुलझाडाकडे कोण पाहणार, असे कोणी म्हणेल. परंतु परसातल्या गुलाबाने विहिरीचे पाणी फारसे कधी मागितलेच नव्हते. तो न्हाणीच्या व भांडी विसळण्याच्या पाण्यावर जगला. ते पाणी आता सिमेंटच्या नालीतून गावाबाहेर जाते, परसात फरशी येते, आणि उन्हाळ्यासाठी गुलकंद बाजारातून आणावा लागतो. घरचा गुलकंद ह्याच झुडपाच्या पाकळ्यांचा असे: बरणीत पाकळ्या व खडीसाखर ह्यांचे थर घालून ती ऊन देत ठेवावयाची. कलमी गुलाबाच्या जाड, निर्गंध पाकळ्यांचे ते काम नव्हे.

जुनी घरे पाडून नवी बांधण्याचे काम सर्वत्र चालू आहे, आणि ते थांबावे असे आम्ही म्हणत नाही. परसातले झुडूप काढण्यापूर्वी मात्र मृगाच्या पावसात त्याच्या पक्व फांदीच्या वीतभर लांबीच्या चार-पाच कांड्या कापून घ्याव्या, खालचा काप डोळ्याच्या लगत घ्यावा, अर्धी कांडी सावलीतल्या ओल्या मातीत पुरावी, आणि एखादी शेजारी द्यावी.