कर्करोग : खेकड्याच्या पायांची कुळकथा

कर्क राशीतला खेकडा आणि कर्करोगातला खेकडा एकच. रोगात तो आला ग्रीसमधून. इ.स.पूर्व 400च्या सुमारास हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी काही कठीण गाठींना आणि न भरणाऱ्या व्रणांना ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, म्हटलं. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससनं त्याचं लॅटिन केलं : कॅन्सर. दुसऱ्या शतकात गॅलननं उपमा उलगडून दाखवली. स्तनातल्या गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा त्याला खेकड्याच्या पायांसारख्या दोन्ही अंगांना पसरलेल्या दिसल्या होत्या.

आपल्याकडे नावं वेगळी होती. सुश्रुतसंहिता ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ वेगवेगळे सांगते. अर्बुद मोठं, खोल मुळाचं, जागचं न हलणारं, न पिकणारं. त्याचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा उगवतं, अशी तिची ताकीद आहे. बोलीत आवाळू होतंच : वर्षानुवर्षं मानेवर बसलेलं, सहसा कुणाचं काही न बिघडवणारं. गाठीगाठीत फरक असतो हे माणसाच्या हाताला केव्हाच कळलं होतं. तो कशामुळे, हे कळायला सूक्ष्मदर्शक यावा लागला.

1838 साली योहानेस म्यूलर यांनी गाठीही पेशींच्याच बनलेल्या असतात हे दाखवलं. त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिर्को यांनी 1858 साली ठामपणे मांडलं की प्रत्येक पेशी पेशीतूनच जन्मते. म्हणजे कर्करोग हा बाहेरून शिरलेला शत्रू नव्हे, आपल्याच पेशींच्या कुळातला आहे.

मग साधी गाठ आणि कर्करोग यांत फरक कुठला? बांधाचा. साध्या गाठीतल्या पेशी मूळ पेशींसारख्याच दिसतात, बहुधा सावकाश वाढतात. गाठ शेजाऱ्याला रेटते, पण बांध ओलांडत नाही. कर्करोगाच्या पेशीत मात्र जनुकांमधले बदल साठत जातात आणि ‘आता थांब’ हा निरोप ती ऐकेनाशी होते. तिचं केंद्रक मोठं, वेडंवाकडं होतं. ती शेजारच्या ऊतीत घुसते, रक्तातून किंवा लसिकेतून दूर जाऊन नवी वस्ती करते. या पसरण्याला 1829 साली फ्रान्सच्या रेकामिए यांनी ‘मेटास्टॅसिस’ म्हटलं. गॅलननं पाहिल्या त्या शिरा होत्या. खेकड्याचे खरे पाय हे.

साधी गाठ दरवेळी निरुपद्रवी असतेच असं नाही. कवटीत मोकळी जागा नसते, तिथं साधी गाठसुद्धा मेंदू दाबते. मोठ्या आतड्यातले काही कोंब, म्हणजे पॉलिप, बऱ्याच वर्षांनी कर्करोगाकडे वळतात, म्हणून ते आधीच काढून टाकतात. चरबीची गाठ मात्र जवळजवळ कधीच तशी वळत नाही.

1941 साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथली प्रयोगशाळा उभी केली. गाठीचा तुकडा तपासण्याची विद्या मुंबईत भक्कम झाली. तरी आजही कित्येक घरांत या रोगाचं नाव घेत नाहीत, आणि त्याच भीतीनं गाठ पदराआड राहते. नाव जुनं आहे, त्यातली भीतीही तितकीच जुनी. पण सूक्ष्मदर्शकाखालचा छोटासा तुकडा बहुतेक वेळा सांगून टाकतो : आवाळू की खेकडा. आणि खेकडा असला, तरी पाय पसरण्याआधी गाठता येतो.