कोलारच्या काळोखातील नोंदी

मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याहून पश्चिमेला फुटणारा रस्ता विजयदुर्गास जातो. तेथील किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ नावाने ओळखले जाणारे चौथरे आहेत आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचे नाते जोडले जाते. लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच हेलियमचा शोध लावला, असे आपल्या भागात अभिमानाने सांगतात. इतिहास मात्र अभिमानाची भीड बाळगत नाही. ग्रहणाच्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. सूर्याच्या कडेवरील प्रकाशाचे पृथक्करण त्याने ऑक्टोबरमध्ये तेथूनच केले. ग्रहण भारतात पाहिले ते जान्सेन या फ्रेंच संशोधकाने, आणि तेही आंध्रातील गुंटूरहून. पुढे १८९५ साली रॅम्झी याने हेलियम पृथ्वीवर वेगळा करून दाखविला. म्हणजे पदार्थ हाती येण्याच्या सत्तावीस वर्षे आधी त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचला होता.

परंतु जे द्रव्य प्रकाश देतच नाही, त्याचा माग कसा काढावा? १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी याला दीर्घिकांच्या एका समूहात असे आढळले की, त्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत आहेत की केवळ दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने त्या एकत्र राहूच शकणार नाहीत. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागाचा वेग मोजला. तोही अपेक्षेप्रमाणे मंदावत नव्हता. (रुबिनबाई पुढे पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीच्या सदस्या झाल्या.) आजच्या हिशेबाने विश्वातील आपल्या ओळखीचे द्रव्य जेमतेम पाच टक्के असून, न दिसणारे कृष्णद्रव्य सुमारे सत्तावीस टक्के आहे, उरलेला भाग कृष्णऊर्जेचा.

हे कृष्णद्रव्य सूक्ष्म कणांचे बनलेले असेल, तर त्यातला एखादा कण क्वचित कोठेतरी अणूला धडकेल. ती धडक टिपण्यासाठी प्रथम इतर गोंगाट थांबवावा लागतो. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे निर्माण झालेले म्यूऑन नावाचे कण या क्षणीही आपल्या तळहातातून जात आहेत, साधारण दर सेकंदाला एक. त्यांना अडविण्यास छप्पर पुरत नाही. डोंगर किंवा खाण लागते.

ही विद्या आपल्या देशाने फार लवकर आत्मसात केली. १९५१ साली होमी भाभा यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुण संशोधक बी. व्ही. श्रीकांतन यांना कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत पाठविले. म्यूऑन किती खोलवर पोहोचतात, हे मोजणे हे काम. ती खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली होती. तळाशी खडक तापलेला, आणि दाबामुळे तो अकस्मात फुटण्याची भीती कायम. सोन्यासाठी तेथे उतरणारे कामगार तमिळ व तेलुगू मुलखातून आलेले. प्रबंधांवर त्यांची नावे नाहीत, पण त्यांनी खोदलेल्या पोकळीवाचून एकही प्रबंध लिहिला गेला नसता.

साठीच्या दशकाच्या आरंभी, पावणेतीन किलोमीटर खोलीवर ठेवलेल्या उपकरणांनी सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदविला नाही. एखाद्याने कपाळाला हात लावला असता! या मंडळींनी मात्र ओळखले की, इतकी शांतता म्हणजेच न्यूट्रिनो या लाजाळू कणासाठी घातलेले आसन आहे. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम आणि रमणमूर्ती यांनी जपानच्या ओसाका सिटी व इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांतील सहकाऱ्यांसह २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणे मांडली आणि १९६५ साली विश्वकिरणजन्य न्यूट्रिनो टिपले. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत राइन्स यांचा गट हेच करीत होता. पहिली घटना त्यांनी आधी पाहिली, पण प्रबंध छापून आला तो कोलारचा आधी, ऑगस्टच्या पंधरवड्याच्या फरकाने.

यापुढची गोष्ट आमच्या विषयाशी थेट भिडते. त्याच खाणीत काही मोजक्या विचित्र घटना नोंदल्या गेल्या. एकाच बिंदूतून अनेक कण फाकलेले, आणि तो बिंदू खडकात नव्हे, तर उपकरणालगतच्या हवेत किंवा उपकरणाच्या पातळ भागात! जणू एखादा जड, अनोळखी कण वाटेत फुटला होता. १९७५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. युरोप-अमेरिकेच्या कणवेगवर्धक यंत्रांत तसा कण शोधला गेला, पण सापडला नाही, आणि ‘कोलार घटना’ हळूहळू विस्मरणात गेल्या. १९८० मध्ये तेथेच १४० टनांचे लोखंडी उपकरण प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्यासाठी बसविले. तशा घटना त्यातही दिसल्याची नोंद आहे. २०१४ साली मूर्ती व राजशेखरन या दोन सैद्धांतिक शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी पुन्हा उघडून विचारले: हा कृष्णद्रव्याच्या कणाचा ऱ्हास तर नसेल? त्यांच्या गणिताप्रमाणे तो कण साधारण पाच ते दहा प्रोटॉनांइतका जड असावा.

या प्रश्नाचे उत्तर कोलारमध्ये शोधणे आता शक्य नाही. तेथील प्रयोग १९९२ च्या सुमारास आटोपले आणि २००१ साली खाणच बंद झाली. सोने संपत आले, तोटा वाढला; कारभाऱ्यांचा हिशेब चुकला असे म्हणवत नाही. तरीही जगातील इतकी निवांत जागा एका ताळेबंदावर सोडून दिली गेली, याची चुटपुट वाटते.

अमेरिकेत उलटे घडले. दक्षिण डकोटातील होमस्टेक ही जुनी सोन्याची खाण बंद पडल्यावर प्रयोगशाळा म्हणून राखली गेली. तेथे सुमारे दीड किलोमीटर खोलीवर सात टन द्रवरूप झेनॉन कृष्णद्रव्याची वाट पाहात आहे. कण धडकला तर त्यातून क्षीण ठिणगी उमटेल. झेनॉन १८९८ साली शोधणाऱ्या दोघांपैकी एक तोच हेलियमवाला रॅम्झी. निर्विवाद ठिणगी अद्याप कोणालाच दिसलेली नाही.

आपल्याकडे २०१७ साली झारखंडमधील जादूगुडाच्या युरेनियम खाणीत, सुमारे ५५० मीटर खोलीवर, कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेने छोटी प्रयोगशाळा सुरू केली. अतितप्त द्रवाचे थेंब भरलेली उपकरणे तेथे ठेवतात. कणाच्या धडकेने थेंब फुटून बुडबुडा होतो आणि त्याचा सूक्ष्म आवाज टिपला जातो. कोलारच्या त्या दालनाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढी ही खोली आहे.