कारागिराचे मोल आणि कायदा

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी स्मरणिकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कुळे, देवके आणि स्थलांतरे यांची चर्चा झाली. परंतु ज्या कामावर आपले वाडवडील जगले, त्याचे मोल त्यांच्या पदरात कसे पडे आणि केव्हा पडत नसे, या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. जळगाव व धुळे येथील न्यायालयांत आम्ही चाळीस वर्षे वकिली केली. तिचा मोठा भाग सुतार, लोहार, गवंडी व लहान ठेकेदार यांच्या थकलेल्या रकमांचे दावे चालविण्यात गेला. त्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी ज्ञातिबंधूंपुढे ठेवीत आहोत.

जुन्या गावगाड्यात सुतार व लोहार हे बारा बलुतेदारांपैकी होत. त्यांचे बलुते खळ्यावरच मोजून मिळे. धान्याची रास मालकाच्या घरी जाण्यापूर्वी कारागिराचा वाटा बाजूला निघे, यातच त्याच्या मजुरीचे तारण होते. ही पद्धत निर्दोष होती असे नव्हे. तिने कारागिराला पिढ्यान्‌पिढ्या गावाशी जखडून ठेवले. तथापि काम केले आणि मोल बुडाले, असे सहसा होऊ नये अशी तिची रचना होती.

1818 साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले. 1860 नंतरच्या दशकात रेल्वे आली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गुदामे, गिरण्या व सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. 1906 मध्ये जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाल्यावर जळगावलाही जिल्ह्याच्या ठिकाणाचा मान मिळाला. कामे वाढली, पण खळे मागे पडले आणि ठेका आला. ठेक्यात काम आधी व पैसा मागून!

1872 चा कराराचा कायदा या नव्या व्यवहाराचा पाया ठरला. त्याच्या 170 व्या कलमाने कारागिराला धारणाधिकार दिला. एखाद्याने वस्तू हवाली केली आणि कारागिराने तिच्यावर श्रम व कौशल्य खर्च केले, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू त्याने आपल्यापाशी ठेवावी. कायद्यातच उदाहरण आहे ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे. दुसरे आहे शिंप्याचे: त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर कोट अडकवून ठेवण्याचा हक्क त्याला नाही.

आता नांगर किंवा यंत्र दुरुस्त करणाऱ्या लोहाराला हे कलम उपयोगी पडते. पण दुसऱ्याच्या जमिनीवर भिंत बांधणाऱ्या गवंड्याने काय अडकवून ठेवावे? भिंत तर जमिनीचाच भाग झाली! अमेरिकेत मेरिलँड राज्याने नवी राजधानी उभी राहत असताना 1791 मध्येच बांधणाऱ्याचा हक्क थेट इमारतीवर चढविणारा कायदा केला आणि तो प्रघात तेथे सर्वत्र पसरला. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा झाला नाही. आपल्या गवंड्याच्या हाती उरतो तो केवळ पैशाचा दावा.

मात्र हा दावा अगदीच दुबळा नाही. त्याच कायद्याचे 70 वे कलम सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. बंगालमधील एका बांधकाम ठेकेदाराने सरकारसाठी गुदामे बांधली होती. करार विधिवत झाला नव्हता. तरीही 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. तो बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे आपल्या साताऱ्याचे सुपुत्र, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु हक्क असणे निराळे आणि तो वेळेवर मागणे निराळे. वकिलीच्या आरंभीच्या काळात एक वृद्ध गवंडी आमच्याकडे आले. एका मालकासाठी त्यांनी मोठी इमारत बांधली होती. हिशेब पेन्सिलीने वहीत टिपलेला. ‘मालकांनी शब्द दिला आहे,’ एवढाच त्यांचा पुरावा. आम्ही नोटीस दिली. तडजोडीची बोलणी सुरू झाली आणि त्या बोलण्यांत आम्ही गुंतून राहिलो. अशा कामाच्या किमतीचा दावा सामान्यतः काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो आणि नोटिशीने ती मुदत वाढत नाही. दावा मुदतबाह्य ठरला. त्या वृद्धांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. पण दोष आमचाच होता. त्यानंतर पक्षकार आला की काम केव्हा संपले, हा आमचा पहिला प्रश्न असे.

पुढे 2006 च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे मिळण्याची व थकल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूद केली. बांधकामाच्या ठेक्यांना ती लागू पडते की नाही, याविषयी न्यायालयांत मतभेद झाले. म्हणून तिच्यावरच विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

तात्पर्य, दर व मापे कामापूर्वी लिहून घ्यावीत. प्रत्येक टप्प्यावर मापवहीवर मालकाची सही घ्यावी. पैसे थकले, तर मुदत संपण्यापूर्वीच येणे रकमेची सही केलेली लेखी कबुली मिळवावी. तिच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. सही मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत आपल्या ज्ञातीला फार महागात पडली आहे. आपल्या आजोबांचा वाटा खळ्यावर सर्वांसमक्ष मोजला जाई. त्यात कोणाचा अपमान होत नसे. आज ते खळे म्हणजे कागद होय. घरोघरीच्या शिकलेल्या मुलामुलींनी वडिलांची मापवही आपल्या हाती घेतली, तर आमच्या चाळीस वर्षांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.